चळतीतला ळ

मित्रांनो, मी एक जुनी खूण आहे. नऊ इंग्रजी अक्षरांची, ओळीच्या सुरुवातीला उभी राहणारी. मला हात नाहीत, पाय नाहीत, वजन तर अजिबात नाही. पण आज माझ्या आनंदाला पारावार नाही! गेल्या आठवड्यात मी पुसली जाता जाता वाचले, आणि माझ्यामुळे साठ पेट्यांमधली बाळंही एका मोठ्या संकटातून वाचली. कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय बघा.

माझं घर एका काचपेटीत आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ज्या पेटीत उबेला ठेवतात ना, तीच ही. तिच्या पोटात एक छोटासा संगणक असतो आणि त्या संगणकाचा एक गाभा असतो. कर्नल म्हणतात त्याला. गाभ्यात शेकडो बारीकसारीक कामं असतात. एक काम दुसऱ्या कामाला हाक मारतं आणि हाकेबरोबर एखादा आकडा देतं: 'पेटी साडेछत्तीस अंशांवर ठेव.' आता हा आकडा द्यायचा कसा? एक तर थेट हातात. प्रोसेसरला असे पाच-सहा हात असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. नाहीतर चळतीवर ठेवायचा. घासलेली ताटं आपण एकावर एक रचतो, तशीच आकड्यांचीही चळत असते, ती म्हणजे स्टॅक.

दोन्ही पद्धती चांगल्याच. फक्त देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं आधी ठरलेलं हवं. देणारा चळतीवर ठेवून गेला आणि घेणारा आपल्या हाताकडेच बघत बसला, तर झालाच घोटाळा! हातात जे काही सापडेल ते तो खरं मानून मोकळा होतो. यंत्राला शंका म्हणून येत नाही. म्हणून कामाच्या नावाआधी मी उभी असते. माणसाचं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर तिथे आला, की मी त्याला सांगते, "अरे, हाताकडे बघू नकोस. चळतीवर बघ."

माझ्या जन्माची गोष्ट तर फारच मजेची आहे. मला जन्म दिला मामांनी. त्यांची भाची सातमाशी होती. तिला ज्या पेटीत ठेवलं होतं तिच्यात नुसते चार दिवे होते, आणि गरम झालं की एक परिचारिका हाताने दिवा बंद करायची. मामा काचेला नाक लावून अठरा दिवस ते बघत बसले. एकोणिसाव्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, "यापेक्षा बरी पेटी मी करतो."

आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी करायला घेतली. पण पेटी काही ऐकेना. साडेछत्तीस सांगावं तर ती बाराच समजे, आणि पुन्हा सांगावं तर तीनशे! तीन दिवस मामांची दाढी वाढली आणि जेवण सुटलं. चौथ्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले खरे, पण लक्ष सगळं कागदावर. नुसता हात पुढे करून बसून राहिले. मामी वैतागल्या.

"अहो, हात काय पसरून बसलात? ताट चळतीवर ठेवलंय, घ्या की उठून!"

मामा उठले ते जेवण सोडून थेट वरच्या खोलीत! त्यांना कळलं होतं. गाभ्याच्या दारातला भाग त्यांनी स्वतःच्या हाताने, थेट यंत्राच्या भाषेत लिहिला होता, आणि तो भाग आकडा चळतीवर ठेवत होता. आतलं काम मात्र हात पसरून बसलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे एक खूण तयार केली आणि तिला मामींचाच शब्द दिला, 'चळतीवर'. ती मी! इंग्रजी अक्षरांत ळ नाही, म्हणून त्याच्या जागी ल बसला. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

पुढची पंचवीस वर्षं काय सांगू तुम्हाला! एक्केचाळीस कामांच्या नावांआधी मी उभी राहिले. शेजारी आणखी खुणा होत्या. 'परत न येणारी' नावाची एक खूण फार तोऱ्यात असायची. ती ज्या कामावर असते ते काम एकदा गेलं की परतत नाही, त्यामुळे तिला वाटे की आपण फार गंभीर. आमची भांडणंही व्हायची. पण पेटी सुरू झाली की सगळ्या आपापल्या जागी. गावोगावच्या दवाखान्यांत साठ पेट्या गेल्या आणि कित्येक बाळं त्यांतून गुटगुटीत होऊन घरी गेली. मामा नव्या लोकांना मला दाखवून म्हणत, "हिला हात लावायचा नाही हं." मला किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

मग नवी चिप आली. तिच्याकडे हात भरपूर होते आणि सगळे आकडे हातातच द्यायची तिची रीत होती. तिथे मला काही कामच उरलं नाही. जुन्या चिपसाठी माझा अर्थ तसाच ठेवून नव्या चिपसाठी मामांनी तो रिकामा ठेवला. मी ओळीत उभी असायचे, पण कंपायलर माझ्याकडे न बघता पुढे जायचा. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? त्यात मामाही निवृत्त झाले.

त्यांच्या जागी आली त्यांची भाची. तीच सातमाशी! आता चांगली सव्वीस वर्षांची, आणि कामाला वाघ. येताच तिने गाभ्याची साफसफाई काढली. जुन्या नोंदी, मेलेली कामं, सगळं झाडून काढता काढता ती माझ्यापाशी आली आणि मला मोठ्याने वाचलं.

"चलतीवर? कुणाची चलती आहे इथे?" आणि ती खळखळून हसली. "नव्या चिपवर हिचा अर्थ रिकामा. नुसती शोभा आहे."

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ठिकाणांहून तिने मला पुसून टाकलं! माझा अर्थ जिथे लिहिला होता ती एक ओळ तेवढी राहिली, कारण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. ती फाईल तिच्या पडद्यावर उघडीच होती, म्हणून पुढचं सगळं मला बघायला मिळालं.

जुन्या चिपच्या साठही पेट्यांना तो नवा गाभा त्याच दिवशी चार वाजता पाठवायचा होता. सुट्टीआधी घाईघाईने तपासणीही झाली होती आणि सगळं बरोबर आलं होतं. मी ओरडत होते, पण माझं कोण ऐकणार? बरोबर येण्याचं कारण निव्वळ नशीब होतं. गाभ्याच्या दारातला भाग आकडा हातात घेऊन मग चळतीवर ठेवायचा, आणि तोच आकडा थोडा वेळ हातातही राहायचा. काम चुकीच्या जागी बघत होतं, पण तिथेही योगायोगाने साडेछत्तीसच होतं.

आता शंकासुर काकांची ओळख करून देते. तपासणी तेच करतात. सगळ्यावर शंका घेतात म्हणून हे नाव पडलं, आणि ते त्यावर खूशही असतात. त्यांची एक खोड आहे. तपासणीच्या जुन्या पेटीत ते आपला जेवणाचा डबा गरम ठेवतात! त्या दिवशी त्यांनी डबा ठेवला, चमचा विसरला म्हणून दार उघडलं, लोणचं विसरलं म्हणून पुन्हा उघडलं. दहा मिनिटांनी डबा काढायला गेले आणि किंचाळले.

"आई गं! ताई, इकडे या आधी! हात भाजला माझा!"

भाची धावली. पेटीवर ठेवायच्या उबेचा आकडा होता एक्क्याण्णव. तिने दार लावलं, पेटी पुन्हा सुरू केली. साडेछत्तीस. दार उघडलं. ब्याण्णव! तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, यात बाळ असतं तर?"

"पाठवणं थांबवा आधी. बाकीचं मग," शंकासुर काका फुंकर मारत म्हणाले.

तिने धावत जाऊन चार वाजताचं पाठवणं थांबवलं. पण कंपनीचे साहेब म्हणाले, पाच वाजेपर्यंत कारण सांग, नाहीतर तुझी सगळी साफसफाई रद्द. तिचे दोन महिने पणाला लागले होते, पण डोळ्यात पाणी आलं ते त्यासाठी नव्हतं. "मी स्वतः अशा पेटीतली," एवढंच ती म्हणाली. मग तिने काय काय पुसलं त्याची यादी काढली. दीडशे ओळी! त्यात माझं नाव एक्केचाळीस वेळा. तिने मामांना फोन लावला. मामा फिरायला गेले होते आणि फोन घरीच. उचलला मामींनी.

"मामी, मामांनी कधी 'चलतीवर' असं काही म्हटलेलं आठवतं का गं? फार घाईत आहे."

"चलतीवर? छे! चळतीवर असेल. ळ! अगं, तो माझाच शब्द. हात पसरून बसले होते तुझे मामा, आणि ताट होतं चळतीवर..."

भाची खुर्चीवरून अशी उठली की खुर्ची उलटी! "मामी, तू ग्रेट आहेस!" असं ओरडत ती पडद्यापाशी आली. आतलं काम पुन्हा चळत सोडून हाताकडेच बघत होतं. दार उघडलं की दाराची नोंद करणारा आकडा हातात येत होता, आणि पेटी त्यालाच ऊब समजत होती. दार जितक्या वेळा उघडलेलं, तितकी ऊब! मोजणी दर महिन्याला नव्याने सुरू व्हायची, आणि काकांच्या डब्यापायी या महिन्यात ती ब्याण्णववर गेली होती.

एक्केचाळीस ठिकाणी मी परत आले! पेटी सुरू झाली. शंकासुर काकांनी हाताला पट्टी बांधून चाळीस वेळा दार उघडलं आणि चाळीस वेळा लावलं. साडेछत्तीस. साडेछत्तीस. हलायचं नाव नाही! माझा आनंद कुठे मावेना. पाच वाजायला सात मिनिटं कमी असताना तिने साहेबांना कारण सांगितलं, चूक आपलीच असंही सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी तपासणी करून मगच गाभा साठ पेट्यांना गेला.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू तुमच्या टेबलावर काही करत नसेल, तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी पेटीत राबत असेल. पुसण्याआधी तिचं नाव नीट वाचा, आणि वाचता आलं नाही तर विचारा. विचारायला काही लाज वाटायचं कारण नाही.

माझ्या ओळीवर भाचीने आता एक टीप लिहिली आहे, चक्क देवनागरीत. गाभ्यात आजवर कुणी असं केलं नव्हतं. 'परत न येणारी' जळफळते आहे. रोज सकाळी मी ती टीप वाचते: 'ही चळत आहे, चलती नाही. काढण्याआधी मामीला विचारा.'