पूर्ण तासांचा लाभार्थी

गल्लीत गरजू माणसांची टंचाई आहे, हे मोजणीकाकांना वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं. तोवर त्यांचा समज अगदी उलटा होता.

सांगितलं ते तळमजल्यावरच्या मुलीनं. ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि शाळेतल्या सेवा मंडळाची सेक्रेटरी होती, म्हणून काका तिला सेक्रेटरीबाई म्हणत. एका सकाळी ती हातात फॉर्म घेऊन काकांच्या दारात उभी राहिली.

"काका, तुमची काही गैरसोय होते का?"

"नाही बुवा."

"थोडीसुद्धा नाही?"

"सकाळी पाणी कमी दाबानं येतं."

"ते सगळ्यांकडेच. खास तुमची अशी काही?"

काकांनी प्रामाणिकपणे शोध घेतला. जमीन मोजणीच्या खात्यात छत्तीस वर्षं साखळी ओढत त्यांनी शेतं, टेकड्या, ओढे तुडवले होते. त्या नोकरीनं त्यांना बाकी काही दिलं नसलं तरी पाय दिले होते. दर गुरुवारी ते गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे चालत जात. जायला सव्वा तास, पत्ते दोन तास, ताईची बोलणी खायला लागेल तेवढा वेळ, आणि परत यायला सव्वा तास. ताईला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. ती सहसा घराबाहेर पडत नसे, आणि आठवड्यात तिचं दार वाजवणारा माणूस हा एकच.

"जिना चढताना डावा गुडघा वाजतो," शेवटी काकांनी कबूल केलं.

मुलीचा चेहरा उजळला. दुसऱ्याचा गुडघा वाजतो म्हणून इतकं आनंदी झालेलं माणूस काकांनी पाहिलं नव्हतं.

भानगड अशी होती. नर्सिंगच्या कॉलेजात वसतिगृहासकट शिष्यवृत्ती हवी, तर सेवेचं प्रमाणपत्र हवं. प्रमाणपत्राला साठ तासांची सेवा हवी आणि त्यावर लाभार्थ्याची सही हवी. हिनं चाळीस तास आपल्या आजीची सेवा केली आणि आजी ऐनवेळी बरी होऊन धाकट्या मुलाकडे निघून गेली.

"असं करायला नको होतं त्यांनी," काका म्हणाले.

"बाकी गल्लीत कोणी शिल्लकच नाही. पाठदुखीवाल्या आजी दोघांनी घेतल्यात. घड्याळदुरुस्तीवाले आजोबा बहिरे आहेत, पण ते तिघांत वाटून गेले."

तिनं फॉर्म पुढे केला. चालता येत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही, या रकान्यांना पूर्ण तास मिळत. 'एकटे राहतात' याला अर्धे. गुडघा वाजतो, असा रकाना नव्हता.

"एकटे राहतातवर खूण कर की."

"मग चाळीस तास यावं लागेल काका. आणि परीक्षा तोंडावर आलीय."

काकांनी तिला रोज जिन्यात अभ्यास करताना पाहिलं होतं. घरात दोन खोल्यांत सहा माणसं. ती तिसऱ्या पायरीवर बसे, वही चौथीवर ठेवी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी दर वेळी पाय आखडून घेई. तिला नर्स व्हायचं होतंच, पण त्याच्या आधी तिला एक टेबल हवं होतं.

छत्तीस वर्षांत काकांनी एकाही वाकड्या हद्दीवर सही केली नव्हती. सख्ख्या साडूचं कुंपण वीतभर बाहेर निघालं तेव्हा तेही उपटायला लावलं होतं. साडूनं अबोला धरला, तो अजून चालू होता. पण हा प्रश्न वीस तासांचा होता. काकांनी 'चालता येत नाही'समोर खूण केली आणि खाली सही केली. वळणदार.

फॉर्म शाळेच्या फलकावर लागतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पूर्ण तासांचा लाभार्थी, पहिला मजला, खोली हवेशीर, स्वभाव शांत. दोन दिवसांत आणखी अकरा मुलांनी नावं नोंदवली.

पाळ्या लागल्या. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दोन-दोन मुलं घरात. काकांनी आधीच वाचलेला पेपर ती त्यांना वाचून दाखवत. त्यांनी काकांची नखं कापली; एका आठवड्यात तीनदा कापल्यावर कापायला काही उरलं नाही, तेव्हा घासली. त्यांचे जुने नकाशे रंगांप्रमाणे लावून ठेवले, त्यामुळे आता एकही सापडत नव्हता. काका सोफ्यावर. पायांवर शाल. उठायचं तर दोन्ही बाजूंनी दोघं, "हळू काका, हळू काका" करत. सातनंतर मुलं गेली की काका घरात फिरून घेत. खोलीची लांबी अकरा पावलं, रुंदी सात. पण खाली एका मंडळवाल्या मुलाची खोली होती, म्हणून पायांत मोजे घालून.

पहिला गुरुवार चुकला तेव्हा ताईचा फोन आला. एका मुलीनं तत्परतेनं रिसीव्हर काकांच्या कानाशी धरला आणि धरूनच ठेवला.

"आला नाहीस?"

"काम निघालं."

"तुला कसलं रे काम? तू रिटायर झालास ते ऑफिसला कळायला महिना लागला होता."

"पुढच्या गुरुवारी येतो."

"माझं काही नाही. पत्ते पिसून ठेवले होते, एवढंच."

दुसरा गुरुवारही गेला. तिसऱ्या गुरुवारी ताईनं फोन केला नाही. काकांनी दिवसभर फोनकडे पाहिलं आणि दुपारी ठरवलं की पुरे. पाळी बदलताना पाच मिनिटांची फट पडते, हे त्यांनी मोजून ठेवलं होतं. चपला हातात घेऊन ते जिना उतरू लागले. सेक्रेटरीबाईचे वीस तास कालच पुरे झाले होते, त्यामुळे आता कोणाचं काही अडत नव्हतं, असा त्यांचा हिशेब होता.

वळणावर पुढच्या पाळीची दोघं समोर आली.

"काका! तुम्ही जिन्यावर कसे आलात?"

खरं सांगायची संधी यापेक्षा सोपी मिळणार नव्हती. काकांनी तोंड उघडलं. मुलांच्या डोळ्यांत खरोखरची भीती होती. एकाच्या तर खालच्या ओठाची कड थरथरत होती.

"घसरत," काका म्हणाले.

त्यांना उचलून वर नेलं. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी, लहान मुलं पडू नयेत म्हणून लावतात तसलं, एक लाकडी फाटक बसलं. कडी बाहेरून.

मग काकांनी मंडळाच्या मार्गदर्शक शिक्षिकेला बोलावून घेतलं. मुलं त्यांना सेवाबाई म्हणत. बाई आल्या, शालीची घडी सारखी करून समोर बसल्या. काकांनी मुलांना चहा करायला आत पाठवलं आणि सरळ उठून उभे राहिले. खिडकीपर्यंत गेले, परत आले.

सेवाबाईंनी ते सगळं पाहिलं. मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बसा काका."

"मला चालता येतं."

"दिसलं मला. सही तुमचीच आहे ना?"

"माझीच."

"आणि खूण?"

"तीही."

"मग आता बघा. तुम्हाला चालता येत असेल, तर सगळ्यात आधी, जिनं फॉर्म भरला तिनं तो खोटा भरला. तिचं प्रमाणपत्र गेलं, शिष्यवृत्ती गेली. बाकीच्या अकरा जणांचे तास गेले. शिवाय खुर्ची."

"कसली खुर्ची?"

बाईंचा चेहरा हळवा झाला. "मुलं तुम्हाला आश्चर्याचा धक्का देणार होती."

मुलांनी महिनाभर गाड्या धुतल्या होत्या, कागदी फुलं विकली होती, आणि शंभर उड्यांना अमुक अशा देणगीवर पटांगणात दोरीवर उड्या मारल्या होत्या. धडधाकट पायांनी उड्या मारून त्यांनी काकांसाठी चाकं जमवली होती. कमी पडलं ते टायरच्या दुकानदारांनी घातलं. शनिवारी शाळेच्या सभागृहात समारंभ होता.

"त्यानंतर?" काकांनी विचारलं.

"त्यानंतर काय! खुर्ची आयुष्यभर तुमचीच."

हे बाईंनी धीर देण्यासाठी म्हटलं होतं.

शनिवारी चौघांनी काकांना साध्या खुर्चीत बसवून, कमरेला पट्टा बांधून जिन्यावरून खाली आणलं. महिन्यानं काका रस्त्यावर आले होते. घड्याळदुरुस्तीवाले आजोबा आपल्या दुकानातून त्यांच्याकडे पाहत होते. दोघांची नजरानजर झाली आणि काकांना प्रथमच शंका आली की यांना व्यवस्थित ऐकू येत असावं.

सभागृह भरलं होतं. स्टेजवर मुख्याध्यापक, पाहुणे, पाहुण्यांच्या पत्नी, टायरवाले, सेवाबाई आणि मधोमध नव्या खुर्चीत काका. टायरवाल्यांनी चाकाचं महत्त्व सांगितलं. ते सांगताना त्यांना भरून आलं. सेक्रेटरीबाई अहवाल वाचायला माइकपाशी उभी होती. तिनं एकदाही काकांकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि मधल्या वाटेनं काठी टेकत ताई आली.

लाभार्थ्याच्या नातेवाइकांना निमंत्रण पाठवावं असा मंडळाचा शिरस्ता होता. कार्ड ताईला सकाळी मिळालं. त्यावर लिहिलं होतं: 'पायांनी पूर्णपणे अधू झालेल्या'. तिनं कपाटातली बरी साडी काढली, टॅक्सी बोलावली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा गावाच्या या टोकाला आली. कोणी अडवायच्या आत ती स्टेजच्या तीन पायऱ्या चढली होती. आधी तिनं भावाच्या पायांकडे पाहिलं. पाहतच राहिली. डोळे भरलेले, आवाज मात्र कडक.

"कधी झालं रे हे? मला फोनवर सांगता येत नव्हतं? काम निघालं म्हणे!"

"ताई..."

"गप्प बस. महिन्यापूर्वी माझ्याकडे आलास तो काय उडत आलास? मला वाटलं, कंटाळलास. म्हातारीला कंटाळलास आणि..."

तिला दम लागला. ती आधारासाठी इकडेतिकडे बघू लागली. स्टेजवरच्या सगळ्या खुर्च्यांवर मान्यवर होते आणि मान्यवर कधी उठत नसतात.

काका उठले. त्यांनी काही ठरवलं वगैरे नव्हतं. थोरली बहीण उभी आणि आपण बसलेलो, हे त्यांना कधी जमलंच नव्हतं. दोन पावलं पुढे जाऊन त्यांनी तिचा दंड धरला, तिला खुर्चीत बसवलं, काठी घेतली. "पाणी आणा कोणीतरी," ते म्हणाले.

पाणी कोणी आणलं नाही. इतकी शांतता पसरली की त्यांचा गुडघा वाजलेला शेवटच्या रांगेत ऐकू गेला असावा.

माइक मुलीपाशीच होता. तिनं अहवाल घडी करून खिशात ठेवला. "फॉर्म मी भरून घेतला होता," ती म्हणाली. "काकांना चालता येतं. पहिल्यापासून येतं. त्यांनी माझ्यासाठी..."

आता सगळं गेलं, असं काकांना वाटलं. तिचं टेबल गेलं. आणि त्याच क्षणी सेवाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून माइक आपल्याकडे वळवला.

"बघितलंत?" बाई गहिवरून म्हणाल्या. "ही नम्रता! महिनाभर या मुलांनी अहोरात्र सेवा केली, एक माणूस पायांवर उभा केला, आणि श्रेय घ्यायची वेळ आली तर म्हणतात, त्यांना पहिल्यापासूनच चालता येत होतं!"

टायरवाले उठून टाळ्या वाजवू लागले. मग सभागृह उठलं. मागच्या रांगेतल्या एक बाई रडत होत्या.

"अहो, खरंच येत होतं," काका ओरडले.

"तेही तितकेच नम्र," बाई म्हणाल्या.

टाळ्यांच्या गदारोळात मुलगी काकांजवळ आली. "काका, मी खरं सांगितलं."

"ऐकलं मी. मी एकट्यानंच ऐकलं बहुतेक."

"मी घरोघर जाऊन सांगते."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली रांगेतल्या बाकीच्या अकरा जणांकडे. जिन्यावर ओठ थरथरलेला मुलगा टाळ्या वाजवता वाजवता हुंदके देत होता. सेवाबाई जवळ आल्या आणि हसऱ्या चेहऱ्यानं, ओठ न हलवता म्हणाल्या, "बारा जणांची प्रमाणपत्रं तुमच्या पायांवर उभी आहेत काका. तुम्ही नुकतेच बरे होताय. सावकाश बरे व्हा. वर्षभर तरी."

"आणि माझा गुरुवार?"

"चालण्याचा सराव म्हणून देता येईल. देखरेखीखाली."

काका मुलीला म्हणाले, "तू तुझं सामान बांधायला घे."

जून संपता संपता ती गेली. वसतिगृहातून तिचं पत्र आलं: टेबल आहे, पण दोघींत एक, ती खिडकीकडची बाजू मिळवायच्या खटपटीत आहे. काकांनी पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा पाळीवरच्या मुलानं वाचून दाखवलं.

चाकांची खुर्ची ताईकडे गेली. ताई तिच्यात बसत नाही. तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते.

आणि गुरुवारी काका चालत जातात. कमरेला पट्टा, दोन कोपरांना दोघं, मागं तिसरा पाण्याची बाटली घेऊन. रस्त्यात लोक थांबतात, टोपी काढून बाजूला होतात, मुलांचं कौतुक करतात. काकांनी जरा पाय उचलला की दोन्ही कोपरांवरची पकड घट्ट होते. "सावकाश काका, घाई काय आहे?" दर दोनशे पावलांवर सक्तीची विश्रांती. ज्या वाटेला काकांना सव्वा तास लागत असे, तिला आता तीन तास लागतात.

परवा ते पोचले तेव्हा ताई दारातच उभी होती.

"किती हा उशीर!" ती म्हणाली. "काय झालं वाटेत?"

"काही नाही," काका म्हणाले. "दोघांचा आधार होता."