मिठातले हात

वचनांचे पुस्तक त्याने कोपरानेच मिटले. पाने उलटायला तो चमच्याचा दांडा वापरत असे. बोटांचा वास एकदा कागदाला लागला की जात नाही, हे बावीस वर्षांच्या नोकरीने त्याला शिकवले होते. कच्च्या कातड्यांच्या गोदामात तो मीठ लावायचा. कत्तलखान्यातून आलेले ओले कातडे पसरायचे, त्यावर ओंजळी भरभरून मीठ टाकायचे, तळव्याने रगडायचे, मग वर दुसरे कातडे. काही दिवसांनी ती थप्पी झटकली की खाली जे पडे त्याला मीठ म्हणायला जीभ रेटत नसे. करडे, चिकट, केसांनी आणि रक्ताच्या खपल्यांनी भरलेले.

रोज कामावर जाण्याआधी येशूचे एक वचन वाचायचे आणि डोळे मिटून त्या प्रसंगात जाऊन उभे राहायचे, हा त्याचा नेम. ही रीत शेजारच्या म्हाताऱ्या शिंपिणीने शिकवलेली. नुसते पाठ केले तर पोपट होशील, ती म्हणे. तिथे जा, काय दिसते, कसला वास येतो ते बघ. वर्षभर बरे चालले होते. मनाने तो येशूच्या होडीत बसून आला, त्याच्या गोष्टीतल्या पेरणाऱ्याच्या मागे शेतातून चालून आला. आठ दिवसांपूर्वी 'तुम्ही जगाचे मीठ आहात' हे वचन आले आणि घोडे अडले.

दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते खोटे नाही. येशू हे जिथे बोलला त्या डोंगरावर तो रोज डोळे मिटून पोचायचा. गर्दी बसलेली, वारा सुटलेला, येशू बोलायला लागलेला. आणि 'मीठ' हा शब्द आला की गोदामाचा भपकारा यायचा. बाजूला बसलेली माणसे नाक धरून सरकायची. आज तर त्याला खरीखुरी ओकारी आली. जगाचे मीठ म्हणे! ज्यांनी मीठ फक्त ताटात पाहिले, त्यांनाच हे गोड लागणार. त्याला त्या वचनाची शिसारी आली आणि त्याहून जास्त स्वतःच्या हातांची.

तळव्यांना भेगा, भेगांत मीठ. साबण, लिंबू, राख, सगळे करून झाले होते. बायकोने कधी तक्रार केली नव्हती. तोच आपले ताट घेऊन दाराजवळ वेगळा बसायचा.

स्वयंपाकघराच्या दारात लेक येऊन उभी राहिली. महिनाभरासाठी आली होती, खांद्यावर तिची तान्ही.

"बाबा, बारा वाजता निघतेय मी."

"हं. नीट जा."

"एवढंच?"

ती दोन पावले पुढे आली, तसा तो मागे सरकला. खुर्ची भिंतीला लागली.

"महिना झाला. एकदा तरी घेतलंत हिला? जवळ आणलं की हे असे हात मागे घेता, तोंड वाकडं करता." तिचा आवाज चिरकला. "मुलगी झाली म्हणून ना? मग एकदा तोंडावर सांगा की. तुमचं ते नाक मुरडणं बघवत नाही मला."

असे काही कोणाच्या मनात येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. त्याने दोन्ही हात तिच्यापुढे उघडून धरले, चोरी पकडल्यासारखे.

"यांच्यामुळे," तो म्हणाला. "वास येतो, पोरी. मलाच ओकारी येते. हिच्या अंगाला कशाला तो?"

लेकीने त्या हातांकडे पाहिले. मग तिने बाळ सरळ त्याच्या मांडीवर ठेवले.

"धरा. मला केस बांधायचेत."

त्याने बाळाला मनगटांनीच आवळून धरले, पंजे हवेत. पण बाळाला कोण समजावणार? चिमुकलीने त्याचे एक बोट पकडले आणि तोंडात घातले.

"अगं, काढ, काढ! घाण आहे ते!"

बाळाने सगळा चेहरा चुरगळला, ओठ वाकडे केले आणि बोट बाहेर ढकलले. आजोबाने डोळे घट्ट मिटून घेतले. बाहेर ढकललेले बोट तसेच ओले, हवेत राहिले.

"खारट लागलं असेल," लेक दातांत पिन धरून म्हणाली.

तोवर बाळाने तेच बोट पुन्हा ओढून तोंडात घेतले होते.