नवकारशीचं घड्याळ

रूपलनं ओढणीची गाठ दातांनी सोडली आणि साखळीचं जुनं घड्याळ काउंटरवर ठेवलं. मागचं झाकण सुटं झालं होतं.

“चाचा, यातलं काय गेलंय तेवढं सांगा. मुलीच्या हातात उघडं सापडलं, काहीतरी गिळलंय तिनं.”

घड्याळजी नूर महंमदांनी हातातला चहा बाजूला सारून डोळ्याला भिंग लावलं.

सव्वा वर्षाची प्रियल दवाखान्यात रूपलच्या नवऱ्याच्या, अर्पितच्या मांडीवर होती. एक्स-रेला नंबर लागायचा होता. तिच्या तोंडातून लाळ गळत होती आणि डॉक्टर एकच विचारत होते, वस्तू केवढी, टोकदार आहे का?

“बॅलन्स नाही यात. मागंपुढं फिरतं ते चाक.”

त्यांनी आतला नंबर वाचला, खण उपसला, दोन पुड्या उघडून परत बांधल्या.

“चाचा, लवकर.”

“डायलवरच्या नावावर जाऊन चालत नाही, ताई. नंबर जुळला पाहिजे.”

तिसऱ्या पुडीतून शर्टाच्या बटणाएवढं चाक निघालं. मधल्या दांडीची दोन्ही टोकं सुईसारखी.

फोन वाजला. अर्पित होता.

“टोकदार आहे का?”

“हो,” ती म्हणाली.

“थांबा ताई.” नूर महंमद रिकाम्या जागेवर ब्रश फिरवत होते. “तेल वाळून दगड झालंय. स्क्रूच्या भोकात गंज. हे आज नाही गेलं. कुणीतरी काढून दुसऱ्या घड्याळाला लावलंय, दहा वर्षं तरी झाली. बाकी सगळं जागेवर आहे.”

“पण दादाजी रोज यात वेळ बघतात.”

“यात? मग मोठी नजर आहे त्यांची.”

तिनं फोन कानाशी नेला. “घड्याळातलं काही नाही गेलं. तरी एक्स-रे काढूनच नीघ.” मग ती स्टुलावर बसली.

सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं, जैनांची नवकारशी होईपर्यंत, घरात मोठं माणूस पाण्याचा थेंब घेत नसे. पेले हातात धरून सगळे दादाजींकडे, म्हणजे आजेसासऱ्यांकडे बघत. दलिचंदजी घड्याळ उघडून मोतीबिंदूच्या डोळ्यांजवळ नेत आणि म्हणत, “झाली. घ्या पाणी.” त्याच्या जरा आधी, रोज, आजेसासूबाई जतनबाई स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाखाली ताटली आपटत. म्हातारपणी हातातून निसटते, असं रूपलला वाटायचं.

फोन पुन्हा वाजला. एक्स-रे साफ होता. दात येताहेत, म्हणून लाळ.

तिनं ओढणीनं डोळे पुसले.

“पार्ट हाच आहे,” नूर महंमद म्हणाले. “बसवून देऊ? उद्यापासून टिकटिक करेल.”

रूपलला ताटलीचा तो रोजचा आवाज आठवला; तिनं चाक पुडीत परत सारलं.

“नको चाचा. झाकण तेवढं घट्ट बसवा.”