सोबतीला वल्लरी नको

चौथ्या केमोनंतर कुसुमताई दातारांनी घरात सांगून टाकलं की पाचवी आपण घेणार नाही. उजव्या स्तनाचं ऑपरेशन झालं होतं आणि एकूण सहा केमो ठरल्या होत्या. दुखण्याबद्दल त्यांनी कधी ब्र काढला नव्हता, पण उलट्यांनी त्या हरल्या होत्या. गोळ्या घेऊनही उलट्या थांबत नव्हत्या आणि अलीकडे तर आदल्या दिवसापासूनच पोटात ढवळायला लागायचं.

"कॅन्सर मारेल तेव्हा मारेल," त्या म्हणाल्या. "बादलीत तोंड घालून जगायचं नाही मला."

मुलगा सलिल आयटीत होता. हॉस्पिटलातच अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून त्यांतून बारीक करंट देतात, त्याने मळमळ कमी होते, असं त्याने ऑफिसात ऐकलं. केमोच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, रक्ताचा रिपोर्ट ठीक आहे, करून बघा, पण उलटीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. कुसुमताईंनी एक संधी द्यायचं कबूल केलं. त्या दिवशी जमलं नाही, तर विषय संपला.

न्यायला वल्लरी होती. सलिलची बायको. बँकेतून रजा काढून चारही केमोंना तीच गेली होती. सासूबाईंना वासाने त्रास होतो, असं सगळ्यांनी धरलं होतं. म्हणून वल्लरीने आधी साबण बदलला, मग केसांना तेल लावणं सोडलं, मग कपड्यांची पावडरही बदलली. तरी नारायण पेठेतून निघालेली रिक्षा स्वारगेटला सिग्नलला थांबली की कुसुमताई पिशवी मागायच्याच. पाचव्या वेळीही मागितली.

सुया टोचणाऱ्या डॉ. पूर्णिमांची खोली केमोच्या वॉर्डाला लागून होती. त्यांनी कुसुमताईंच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, दोन शिरांच्या मध्ये, एक सुई टोचली. दोन्ही गुडघ्यांखाली एकेक. सुयांना वायरींचे चिमटे लावले आणि मशीनचं बटण हळूहळू फिरवलं.

"मुंग्या आल्यासारखं वाटेल, काकू."

"मुंग्या कसल्या, मुंगळे आहेत."

डॉक्टर हसल्या. करंट थोडा कमी केला. कुसुमताईंचा चेहरा सैल पडायला लागला. तेवढ्यात त्यांची उशी सरकलेली पाहून वल्लरी वाकली आणि त्यांना जोरात उबळ आली. वल्लरीने भांडं पुढे केलं. उबळ वाढली.

डॉक्टरांनी मशीन बंद केलं, भांडं तिच्या हातातून घेतलं आणि कुसुमताई शांत होईपर्यंत थांबल्या.

"ढवळायला लागतं तेव्हा समोर काय असतं, काकू?"

कुसुमताईंनी भिंतीकडे तोंड वळवलं.

"सांगा ना."

"सून," त्या म्हणाल्या. "तिचा काही दोष नाही. पण हिला पाहिलं की तोंडाला पाणी सुटतं, खारट. घरीसुद्धा. सकाळी चहा घेऊन येते तेव्हासुद्धा."

"मग सांगायचं ना, आई," वल्लरी म्हणाली.

"काय सांगू? रजा काढून येतेस, तर येऊ नकोस म्हणून?"

"हे होतं," डॉक्टर म्हणाल्या. "केमोच्या वेळी जे समोर असतं, ते शरीर धरून ठेवतं. एका काकांना पार्किंगची पावती बघून व्हायचं." मग वल्लरीकडे वळून, "तुम्ही जरा बाहेर थांबता?"

वल्लरी बाहेरच्या बाकावर बसली. आतून मशीनची बारीक टिकटिक ऐकू येत होती, दुसरं काहीच नाही. एकदा तरी उबळ यावी, असं तिला क्षणभर वाटलं. असं वाटल्याची लाज वाटायलाही अंगात त्राण नव्हतं. तिने सलिलला फोन केला. बँकेत अचानक ऑडिट आलंय, मला निघावं लागेल, तू ये. तो कुरकुरत आला, लॅपटॉपची बॅग घेऊनच. तो वर येताना दिसला, तशी ती त्याला टाळून दुसऱ्या जिन्याने उतरली.

त्या केमोनंतर कुसुमताईंना दोनदाच उलटी झाली. दुसऱ्या दिवशी त्या वरणभात जेवल्या. मशीन जबरदस्त आहे, असं सलिलने सगळ्या नातेवाइकांना कळवलं. वल्लरीने डॉक्टरांना फोन करून विचारलं, हे मशीनमुळे की मी नव्हते म्हणून?

"दोन्ही असेल. किती कशामुळे, ते मला सांगता येणार नाही."

घरी त्या दोघींनी न बोलताच एक सोय लावून घेतली. ताट कामाच्या बाई आत नेऊ लागल्या. वल्लरी दाराशी आली की बाजूलाच थांबायची आणि तिथून विचारायची, पाणी हवंय का. कुसुमताई आतून हो-नाही सांगायच्या. सलिलच्या हे लक्षात आलं नाही.

सहाव्या केमोच्या दोन दिवस आधी तो आईच्या खोलीत गेला. "परवा माझं सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. वल्लरी नेईल तुला. आता मशीन आहेच."

"वल्लरी नको."

"म्हणजे?"

"म्हणजे तू चल. नाहीतर मी जात नाही."

"आई, तिने चार वेळा तुझी घाण काढली. चार वेळा! आणि वल्लरी नको?"

"म्हणूनच नको," कुसुमताई म्हणाल्या. "तिला पाहिलं की मला उलटी होते. आता कळलं?"

"हे असं बोलतं का कुणी?"

वल्लरी पॅसेजमध्ये, दाराच्या आड उभी होती. सलिलने बाहेर येऊन तिच्याकडे पाहिलं. आता ही रडेल, असा त्याचा चेहरा झाला होता.

"आई खरं सांगतायत," ती म्हणाली. "ऑडिट वगैरे काही नव्हतं. आणि मलाही जायचं नाहीये."

दुसरं वाक्य तिने सासूला सोडवायला म्हटलं होतं. म्हटल्यावर तिला कळलं की ते खरंच होतं.

आतून कुसुमताईंचा आवाज आला. "ऐकलंस? आम्हा दोघींचं एकमत आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच. रिलीज पुढे ढकल."

रिलीज पुढे गेलं नाही. सलिल लॅपटॉप घेऊन गेला आणि सुया टोचलेल्या आईशेजारी बसून मीटिंगमध्ये बोलत राहिला. सकाळी ते दोघं घरातून निघेपर्यंत वल्लरी स्वयंपाकघरात दार लोटून बसली होती. मग घरभर कोणी नव्हतं. कपाट आवरायचं म्हणून तिने उघडलं आणि तसंच उघडं ठेवून पलंगावर आडवी झाली. दुपारी फोनने जाग आली.

"झालं. निघतोय," सलिल म्हणाला. "इथे एकदाही नाही झाली."

तिने तोंड धुतलं, चप्पल घातली. तासभर बाहेर राहायचं, तोवर आई झोपतील, असा हिशेब होता. पण ती खाली उतरली तेव्हाच रिक्षा फाटकात शिरत होती. ती पार्किंगमधल्या खांबामागे सरकली.

सलिल आईला दंडाला धरून भराभर पायऱ्या चढवू लागला. हळू, असं वल्लरीच्या अगदी ओठांवर आलं. तिने तोंड मिटलं.

"अरे, मी काय तुझी बॅग आहे?" कुसुमताई खेकसल्या. सलिल थांबला. कठड्याला टेकून त्यांनी श्वास घेतला आणि स्वतःच्या वेगाने वर जायला लागल्या.

वरचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत वल्लरी तिथेच उभी राहिली. मग कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये जाऊन तिने एक चहा मागितला आणि बाकावर टेकली.