पाकिटांचे खटके

अंगठा फिरवला आणि सुमियार्तींचा डावा गाल पुसला गेला.

वागिमानांनी अंगठा पाहिला. काळा झाला होता. मशीनमधून निघालेला कागद अजून गरम होता. त्यांनी तो बाजूच्या ढिगावर ठेवला. गाल पुसलेले आठ चेहरे तिथे आधीच पडले होते.

परवा सुमियार्तींना जाऊन हजारावा दिवस. जावा बेटावरच्या सलातिगात त्या दिवशी गल्लीतली माणसं जमतात, मिळून प्रार्थना म्हणतात आणि जाताना प्रत्येकाच्या हातात प्रार्थनेची एक छोटी पुस्तिका पडते. मुखपृष्ठावर गेलेल्या माणसाचा फोटो असतो. पुस्तिका घरोघरी वर्षानुवर्षं हाताळली जाते. वागिमानांच्या पुस्तिकेतला चेहरा मात्र पहिल्याच संध्याकाळी पाहुण्यांच्या बोटांना लागून निघून जाणार होता.

दूर बाताम बेटावर नोकरी करणारी मुलगी फोनवर म्हणाली होती, "बापाक, दुकानातून छापून आणा ना. कशाला जिवाला त्रास?"

"तीस वर्षं मी लोकांचे प्रिंटर दुरुस्त केले. आणि तुझी आई दुसऱ्याच्या मशीनवर छापू?"

मुलीने फोन ठेवला.

खरं तर मशीन सुमियार्तींचंच. वागिमान पिशवी घेऊन कचेऱ्यांमध्ये दुरुस्तीला फिरत आणि त्या पुढच्या खोलीत बसून लग्नपत्रिका, पाकिटं, पोरांचे निबंध छापत. त्या गेल्यावर वागिमानांनी मशीनवर त्यांचंच एक बाटिकचं कापड घातलं. ते आज सकाळी काढलं.

टोनर म्हणजे शाई नव्हे, बारीक पूड. कागदावर ती आधी नुसती टेकते, रांगोळीसारखी. फुंकर मारली तरी विस्कटेल. मग कागद दोन रोलरांच्या मधून जातो. वरचा तापलेला असतो, तो पूड वितळवतो. खालचा दाब देतो, तो वितळलेली पूड कागदात बसवतो. म्हणून पूड पुसली जात असेल तर तीन गोष्टी पाहायच्या: कागद, उष्णता, दाब. कचेऱ्यांतल्या नव्या कारकुनांना वागिमान हे बोटांवर मोजून शिकवत.

आता ते स्वतःलाच शिकवत होते. मुखपृष्ठाचा कागद जाड आणि चकचकीत होता, म्हणून मशीनला 'जाड कागद' असं सांगून पाहिलं. पुसलं गेलं. साध्या कागदावर छापलं. तेही पुसलं गेलं. म्हणजे दोष कागदाचा नव्हता. कागद चांगला चटका बसेल इतका गरम निघत होता, म्हणजे उष्णताही होती. राहिला दाब. खालचा रोलर झिजला असणार. सेमारांगच्या दुकानदाराला फोन केला. "नवा यायला चार दिवस लागतील, बापाक," तो आदराने म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या रुकिनी दारात आल्या. हातात केळीच्या पानाने झाकलेली ताटली, तांदळाच्या गोड आपेमांची.

"आपेम करून पाहिले. परवा असेच करायचे ना? खाऊन सांगा. आणि सगळे संपवू नका, नवऱ्यालाही दाखवायचेत."

"ठेवा, इबू." शेजारणीला ते आदराने इबू, म्हणजे बाई, म्हणत.

"हे काय, तोंडाला काळं कुणी फासलं?"

वागिमानांनी गालाला हात लावला. आणखी काळं झालं.

"मशीन ऐकत नाही, इबू. अक्षर धरत नाही."

"सुमियार्तीचं ऐकत होतं बरं! माझ्या थोरल्याच्या लग्नाची पाकिटं छापली होती तिनं. एकाला सुरकुती नाही. अर्धीच झाली, म्हणा. दुपारी म्हणाली, 'डोकं दुखतंय, बाकीची उद्या करते.'" रुकिनींनी ताटली खाली ठेवली. "उरलेली मी हातानं लिहिली. इस्पितळातनं तिनं विचारलं होतं, किती चुका केल्यास म्हणून."

"किती केल्या होत्या?"

"अकरा. खा ते गरम आहेत तोवर."

त्या गेल्या. वागिमान ताटलीकडे पाहत उभे राहिले. पाकिटं.

पाकीट छापताना त्याला सुरकुती पडू नये म्हणून दाब कमी करावा लागतो. मशीनच्या मागच्या झाकणाआड दोन हिरवे खटके असतात. ते खाली ओढले की दाब सैल पडतो. काम झालं की परत वर करायचे. कुठल्याही कचेरीत पूड पुसली जायला लागली की वागिमानांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "पाकिटं छापली होती का?" स्वतःच्या घरात तो प्रश्न विचारायला ते विसरले, कारण इथे पाकिटं त्यांनी कधीच छापली नव्हती. इथे खटके सुमियार्ती वर करत आणि आतल्या खोलीकडे ओरडून सांगत, "वर केले!" जेवता जेवता वागिमान म्हणत, "बरं."

त्यांनी मागचं झाकण उघडलं. दोन्ही खटके खाली होते.

'बाकीची उद्या' म्हणून सुमियार्तींनी ठेवले होते तसेच.

वागिमान स्टूल ओढून बसले. कपाटातले कपडे-सारोंग मुलीने वाटून टाकले होते. चष्मा मशिदीतल्या म्हातारीला दिला होता. सुमियार्तींनी आपल्या हाताने ठेवलेली आणि अजून कुणी न हलवलेली एवढीच एक गोष्ट घरात उरली होती. मशिदीतून दुपारच्या नमाजाची हाक आली आणि संपली. आपेम गार झाले.

मग वागिमानांनी उजवा खटका वर केला. डाव्यावर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. तोही वर केला.

"वर केले," ते म्हणाले.



पुढचा कागद निघाला. त्यांनी अंगठा रुमालाला पुसला आणि सुमियार्तींच्या डाव्या गालावरून जोरात फिरवला. गाल जागच्या जागी राहिला. अंगठा स्वच्छ होता.

एक पान टिकलं की बाकीची टिकतात, हे तीस वर्षं दुसऱ्यांना सांगणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको. तरी संध्याकाळपर्यंत निघणाऱ्या प्रत्येक मुखपृष्ठावर वागिमान अंगठा फिरवत राहिले, हळूहळू.