पोटाला दार नसलेला मासा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी मासा. पाण्यात कधी गेलो नाही, पण या कॉलेजात माझ्याइतकं कुणी गिळलेलं नाही. माझ्या तोंडात गेलेली बाटली परत बाहेर येत नाही, हीच माझी शान. पुढे तीच माझ्या गळ्याशी आली.

वर्कशॉपच्या सरांनी मला प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायला सळ्या आणि जाळी जोडून बनवलं. शेपटी झोकदार, जबडा हा एवढा. बाटल्या बाहेर पडू नयेत म्हणून तोंडात आतल्या बाजूला वळलेल्या तारांचे दात. मला कॅन्टीनसमोर उभं केलं. प्राचार्यांनी पहिली बाटली टाकली, टाळ्या पडल्या. पोरंपोरी लांबून नेम धरून बाटल्या मारायची. बघता बघता मी गळ्यापर्यंत भरलो.

मग कॅम्पसवरचा सुका कचरा गोळा करणाऱ्या मावशी पोतं घेऊन आल्या. माझ्याभोवती एक फेरी मारली. मग अजून एक.

"सर, याचं दार कुठंय?"

"दार? अहो मावशी, हा मासा आहे."

"मासाच आहे हो. पण माशालासुद्धा मागून सोय असते."

सर वाकून माझं पोट तपासायला लागले. माझीही मान खाली गेली असती, पण ती वेल्ड केलेली.

बाकीच्यांचं बघा, मित्रांनो. लायब्ररीच्या रद्दीचे पुठ्ठे होत होते, डबे वितळून नवे होत होते. कोपऱ्यातल्या फुटक्या बादलीतल्या बाटल्यांचासुद्धा धागा व्हायचा. माझ्या बाटल्या मात्र उन्हात पिवळ्या पडत बसल्या. कुणीतरी माझ्या कल्ल्यात चहाचा कप खोचून गेलं.

शेवटी मावशी निरोप घेऊन आल्या. "प्राचार्य म्हणालेत, यापुढे दर शनिवारी भंगारच्या गाडीत एकतर बाटल्या जातील, नाहीतर मासा."

सर बाटल्या काढायला स्टुलावर चढून स्वतःच माझ्या तोंडात शिरले. बाटल्या चेपल्या गेल्या आणि ते कमरेपर्यंत सुळकन आत गेले. परत यायला लागले तर माझे दात त्यांच्या स्वेटरला धरून बसले. माझा काय दोष? मला बनवलंच तसं होतं.

"मावशी, ओढा."

"ओढतेच आहे. तुम्ही श्वास सोडा. नाही, सगळा सोडा."

एक विद्यार्थिनी बाटली घेऊन आली. हवेत हलणाऱ्या पायांकडे बघत म्हणाली, "सर, टाकू की थांबू?"

"थांब गं बाई."

मागे येईनात, म्हणून त्यांना पुढे ढकललं आणि माझं पोट कापलं. आधी सर बाहेर आले, मागोमाग धो धो बाटल्या. मावशींनी पोती भरली. त्या शनिवारी बाटल्या गेल्या आणि मी वाचलो.

म्हणून एक विनंती, मित्रांनो. बाटली रिकामी करून, चेपून टाकत जा. आणि काहीही बनवलंत, तरी ते भरल्यावर रिकामं कसं करायचं याचा आधी विचार करा.

सरांनी तो केला. माझ्या पोटाला छान दार बसवलं, भक्कम कुलूप लावलं, चावी शर्टाच्या वरच्या खिशात टाकली. पुन्हा समारंभ झाला. पहिली बाटली टाकायला या वेळी सर स्वतः माझ्या तोंडात वाकले. टाळ्यांच्या आवाजात बाकी काही ऐकू आलं नाही.

आज शनिवार आहे. मी पुन्हा गळ्यापर्यंत भरलोय. गाडी गेटवर उभी आहे आणि सर सगळे खिसे उलटे करून बघतायत. चावी माझ्या शेपटीजवळ आहे, सगळ्या बाटल्यांच्या खाली.