बावीस घरांचं अंगडं

उकंडरावाला कोणाला नाही म्हणता येत नसे. कोणाची म्हैस नाल्यात फसली, कोणाचं छप्पर उडालं, की पहिली हाक त्याच्या दाराशी यायची आणि हा हातातला घास ताटात टाकून निघायचा. लोक म्हणायचे, देवमाणूस. त्याची बायको गोजरबाई ते ऐकत चूल फुंकायची. देवमाणसाचं झाकून ठेवलेलं ताट रोज पुन्हा चुलीवर तिलाच गरम करावं लागे.

त्याच्या या स्वभावाला कारण होतं. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा आईनं रीतीप्रमाणे त्याला उकिरड्यावर नेऊन टाकलं. टाकून दिलेल्या पोराकडे मरण ढुंकून पाहत नाही, असं सगळा मुलूख मानतो. शेजारणीनं त्याला उचलून आणलं, गावातल्या बावीसही घरांतून एकेक चिंधी मागून त्याला अंगडं शिवलं आणि नाव ठेवलं उकंडा. पोर जगलं. अशी पोरं गावोगाव असतात. मोठी होतात, मिशा फुटल्या की सगळं विसरतात. याला मात्र आईनं विसरू दिलं नाही. "तू माहा नाहीस बाप्पा, गावाचा हायेस," असं ती मरेपर्यंत सांगत राहिली, आणि त्या भोळ्यानं ते खरं मानलं.

पौषात बातमी आली की खामगावला प्लेग आहे. आठ दिवसांत गावातही उंदीर पडू लागले. तेव्हा गाव सोडण्याशिवाय इलाज नव्हता. बावीसही घरं कुलपं लावून बाहेर पडली आणि अर्ध्या कोसावरच्या शेतात कडब्याच्या झोपड्या घालून राहिली. रंगराव पाटलांनी सगळ्यांना मारुतीची शपथ घातली: गावात जो पाऊल टाकील, त्यानं दहा दिवस नाल्यापलीकडं एकट्यानं राहायचं.

ते ऐकून गोजरबाईला हायसं वाटलं. तिला पाचवा महिना होता. आधीची दोन लेकरं गेली होती, एक बाराव्या दिवशी, दुसरं दीड महिन्याचं होऊन. आता या पोटातल्या जिवाला बाप हवा, एवढंच तिचं मागणं होतं. शपथेमुळे तरी नवरा जागेवर राहील, असं तिला वाटलं.

चौथ्याच दिवशी म्हातारी अन्नपूर्णाबाई रडत आली. तिचे देव घरात राहिले होते. देवांना पाणी नाही म्हणून तिनं दोन दिवस अन्न सोडलं होतं. उकंडराव गेला आणि देव घेऊन आला. रंगराव पाटलांनी पाहिलं, पण देवाचं काम म्हणून तोंड फिरवलं. मग काय, रस्ता मोकळा झाला. एकाला घरातली कुऱ्हाड हवी होती, एकीला पाटा-वरवंटा, एकाला तर चिलीम. स्वतः जायला कोणी तयार नव्हतं. जीव प्यारा होता आणि शपथही होती. उकंडरावाचा जीव आणि उकंडरावाची शपथ मात्र कोणाच्या हिशेबात नव्हती. "त्याले काय व्हते? तो तं मरनानं टाकलेला हाय," असं लोक हसून बोलायचे, आणि हाही त्यांच्याबरोबर हसायचा.

"लोकायले पाय नाहीत का?" गोजरबाईनं एकदा त्याला दारातच अडवलं. "तुमीच काऊन जाऊन राह्यले?"

"मले गावानं उचललं व्हतं, गोजर."

"म्हनून जल्मभर त्यायचं ओझं वाहासान? माह्या पोटाकडं पाहा जरा."

त्यानं खरंच तिच्या पोटाकडं पाहिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आता नाही जात." त्या दिवशी त्यानं बैलांना पाणी दाखवलं, झोपडीची गळकी बाजू शाकारली, संध्याकाळी पोटभर जेवला. एवढा एकच दिवस तो पुरता तिचा होता.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई आल्या. सत्यभामाबाई, रंगराव पाटलांची बायको. पाटलांना लोणच्याबिगर जेवण जात नव्हतं.

"मधल्या घरात उतरंडीमागं बरनी हाय, उकंडभाऊ. जातच असले तं आना."

"ते जात नाहीत आता," गोजरबाई आतून म्हणाली.

"नसतील जात तं राहू द्या बाप्पा. आमचा काही जोर हाय का?" सत्यभामाबाईंनी असं म्हटलं आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या. हे उभं राहणं उकंडरावाला कधीच सोसलं नाही. त्यानं खांद्यावर उपरणं टाकलं, बायकोच्या नजरेला नजर दिली नाही आणि गेला.

बरणी आली. उतरंडीमागं दोन उंदीर मरून पडले होते, ते त्यानं चिमट्यानं बाजूला केले, असं त्यानंच हसत सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. जांघेत लिंबाएवढी गाठ आली.

आणि तेव्हा, इतक्या दिवसांनी, रंगराव पाटलांना शपथ आठवली. दुपारी सगळे पुरुष लांब उभे राहिले. पाटील ओरडून म्हणाले, "गोजरबाई, नियम सगळ्यायले सारखा. त्याले नाल्यापलीकडं न्या."

"नियम तवा कुठं गेल्ता, लोनचं खाल्लं तवा?" ती ओरडली. उत्तर दिलं ते उकंडरावानं. तापात धडपडत उठून तो म्हणाला, "बरोबर हाय त्यायचं. चाल." तिला त्या क्षणी गावापेक्षा त्याचाच जास्त राग आला.

पलीकडं तो दोन दिवस जगला. लोक निर्दय होते असं कोणी म्हणू नये. नाल्याच्या काठावर रोज कोणी ना कोणी दूध ठेवून जाई, कोणी पेज, अन्नपूर्णाबाईनं अंगारा ठेवला. सगळे ठेवायचे आणि पळायचे. शेवटी तो शुद्धीत नव्हता, तरी मधूनच "आलो, आलो" म्हणून उठायला पाहायचा. गोजरबाई त्याला दोन्ही हातांनी दाबून धरायची. तिच्या हाताखालीच तो गेला.

खांदा द्यायला कोणी आलं नाही. लाकडं आली, तूप आलं, कोरं कापडही आलं, सगळं नाल्याच्या काठावर. तिनं एकटीनं बैल जुंपले, त्याला गाडीत ओढून घेतलं आणि पोटातलं ओझं सांभाळत सरण रचलं. अग्नी तिनंच दिला. पलीकडच्या काठावर बावीस घरं उभी राहून रडत होती, आणि ते रडणं खरं होतं. तिला त्या रडण्याचीच जास्त चीड आली.

होळीनंतर गाव पुन्हा भरलं. ज्येष्ठात तिला मुलगा झाला. पाचवीला सगळ्या बायका आल्या. सत्यभामाबाईंच्या हातात चिंध्यांचं अंगडं होतं, बावीस घरांचं, नीट शिवलेलं.

"दोन गेले तुहे, गोजर. याले आता उकिरड्यावर ठेव. मी उचलते. गावाचा म्हनून जगन."

गोजरबाईनं अंगडं हातात घेतलं. त्यात कोणाच्या लुगड्याचा काठ होता, कोणाच्या धोतराची किनार. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत सत्यभामाबाईंच्या हातात दिलं.

"नोको."

"असं काय करतं? याचा बाप अशाच अंगड्यानं जगला. किती चांगला मानूस व्हता!"

"व्हता," गोजरबाई म्हणाली. "म्हनूनच नोको. जगला तं माहा, मेला तं माहा."

बायका निघून गेल्या. दोनतीन जणींनी दारात बोटं मोडली. गोजरबाईनं दार लावलं, आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून पोराला गुंडाळलं. पण ती रीत तिचीही होती. त्या अंगड्यावर तिचाही तेवढाच विश्वास होता. दिवस मावळेपर्यंत ती पोराच्या छातीवर हात ठेवून बसली, आणि छाती हलली की पुढच्या श्वासाची वाट पाहत राहिली.